पैसे वसूल, कार्ब्ज फुकट

क्रूझहून परत आलेल्या माणसाने आपलं वजन किती वाढलं ते हसत हसत सांगायचं, अशी एक प्रथाच पडली आहे. "सात रात्रींत तीन किलो!" हे वाक्य आमच्या हापिसात लोक पदक दाखवल्यासारखं सांगतात. आणि जाण्याआधी कुणी डाएटचा विषय काढलाच, तर लग्नाच्या पंगतीत उपास धरून बसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघतात. "अरे, मग जातोसच कशाला?" हा प्रश्न मला निघण्यापूर्वी निदान पाच जणांनी विचारला.

माझं मत याच्या बरोबर उलटं आहे, आणि सात रात्री बोटीवर काढून झाल्यावर ते मी जरा जोरातच सांगतोय. कमी कर्बोदकांचं, म्हणजे लो-कार्ब खाणं पाळायला क्रूझइतकी सोयीची जागा मी पाहिलेली नाही. घरी अवघड, हापिसात अवघड, लग्नात अशक्य, आणि पुण्याला मावशीकडे जेवायला गेलं की विषयच संपला. बोटीवर मात्र सोपं. तिथे जे अवघड जातं, त्याचा जेवणाशी संबंध फार थोडा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे हे हौशी डाएटवाल्याचं प्रवचन नाही हे लक्षात येईल. दीड वर्षापूर्वी माझा एचबीएवनसी ६.२ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ म्हणजे उंबरठा ओलांडून आत. वय ३६, दिवसाचे दहा तास खुर्चीत, आणि घराणं असं की बाबांना मधुमेह, दोन्ही काकांना मधुमेह. त्यातल्या थोरल्या काकांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. काका ते सगळं विनोद करून सांगतात, पण चप्पल विकत घ्यायला त्यांच्याबरोबर दुकानात गेलं की विनोद संपतो.

तेव्हा मी दिवसाची कर्बोदकं साधारण ७० ग्रॅमवर आणली. अंदाज यावा म्हणून सांगतो: एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम, मोठ्या वाटीभर भातात ४० च्या आसपास. म्हणजे तीन पोळ्या आणि थोडा भात असं साधं, सभ्य, मराठी जेवण दुपारी झालं की दिवसाचा कोटा पार करून वर उधारी. आठ महिन्यांत ६.२ चा ५.६ झाला. औषध नाही. हे मला जमलं म्हणून सगळ्यांनी करावं असं मुळीच नाही. २०१८ साली 'जामा'त एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ६०९ माणसं, बारा महिने, अर्धे कमी चरबीवर आणि अर्धे कमी कर्बोदकांवर. वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ज्याला जे पाळणं जमेल ते त्याचं, एवढंच मी त्यातून घेतो. आणि मला हे जमतं.

अर्थात आपल्याकडे हा विषय निघाला की विज्ञान बाजूला पडतं आणि पक्ष सुरू होतात. २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद महाराष्ट्रात घरोघरी चालला होता, तसा तो आमच्याही घरी चालला. बाबा वैचारिकदृष्ट्या दीक्षित पक्षात (पाळत कुणाचंच नाहीत, पण मतदान तिकडे), आई दिवेकर पक्षात, कारण तिकडे तूप आहे. बोटीवर दोघांचीही पंचाईत झाली असती. दिवसातून दोनदा, तेही पंचावन्न मिनिटांत जेवण आटपायचं म्हटलं, तर तिथल्या बसून जेवायच्या डायनिंग रूममध्ये तेवढ्या वेळात मुख्य पदार्थसुद्धा धड येत नाही. आणि स्थानिक, आजीच्या पद्धतीचं खायचं म्हटलं, तर कॅरिबियन समुद्राच्या मधोमध स्थानिक काय, उडते मासे?

असो. तर आम्ही पाच जण: मी, बायको, सहा वर्षांची लेक, आणि पुण्याहून आमच्याकडे चार महिन्यांसाठी आलेले आई-बाबा. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून बोट सुटायची, सात रात्रींनी तिथेच परत यायची, मध्ये मेक्सिकोचं कोझुमेल वगैरे बंदरं. (आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांचा व्हिसा मल्टिपल एन्ट्री आहे ना ते आधी बघा. बोट अमेरिकेबाहेर जाते, परत आत यायचं असतं, हे उत्साहाच्या भरात विसरायला होतं.)

आता खाण्याकडे वळू. बोटीवर जेवायच्या मुख्य जागा दोन. वरच्या डेकवर दिवसभर चालणारा बुफे आणि खाली पांढऱ्या टेबलक्लॉथवाली डायनिंग रूम. लोक डाएट मोडतं ते बुफेत असं समजतात. पण नीट बघा ना. सकाळी ऑम्लेटचा काउंटर. समोर उभं राहून सांगायचं, मशरूम घाला, पालक घाला, चीज घाला. एका अंड्यात एक ग्रॅमसुद्धा कर्बोदकं नसतात. एकच सूचना: पिवळं द्रावण डब्यातून ओततात तिथे "ताजी अंडी फोडून करा" म्हणायचं, करतात बिचारे. शेजारी स्मोक्ड सामन मासा, चीजचे चार प्रकार, काकडी, टोमॅटो, साधं दही. दुपारी भाजलेली कोंबडी, ग्रिल केलेला मासा, सॅलडचं भलंमोठं टेबल. घरी हे सगळं एका वेळी करायचं म्हटलं तर कुणीतरी रविवार खर्ची घालावा लागेल. आणि मुख्य म्हणजे इथे माझ्यासाठी कुणालाही वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. घरी लो-कार्ब माणसाचा खरा गुन्हा तो असतो. चार माणसांच्या पोळ्या आणि याच्यासाठी एक कोबीची भाजी जास्तीची!

रात्रीची डायनिंग रूम तर त्याहून सोपी. तिथे एक गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसते. स्टार्टर दोन मागवा, तीन मागवा, मुख्य पदार्थ दोन मागवा, साधारणपणे जास्तीचे पैसे पडत नाहीत. (लॉब्स्टर वगैरेची दुसरी प्लेट काही बोटींवर पैसे घेऊन देतात, तेवढं विचारून घ्या.) बटाट्याऐवजी ब्रोकोली द्या म्हटलं की ब्रोकोली येते. गोडाऐवजी चीजची प्लेट मिळते. मी पहिल्या रात्री कोळंबीचं स्टार्टर, मग सॅलड, मग बटाटा काढून टाकलेला स्टेक, शेवटी चीज आणि काळी कॉफी असं जेवलो, आणि उठताना पोट इतकं भरलं होतं की पाच डेक जिन्याने चढलो.

गुपचूप घुसणारी कर्बोदकं असतातच, ती ओळखायला लागतात. दाट सुपात मैदा असतो. कोळंबीबरोबरच्या लाल सॉसमध्ये साखर. 'ग्लेझ्ड' हा शब्द मेनूत दिसला की साखर. २०२४ पासून अमेरिकेत दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायला लागला आहे. तो लावून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक वाटी क्रीमवालं सूप पिऊन पाहिलं, निव्वळ आकडा बघायला. आलेख मस्त टेकडी काढून गेला. पण खरा भोवरा पेयांत. कोलाच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, ग्लासभर संत्र्याच्या रसात २६ च्या आसपास, आणि छत्री लावलेल्या पिन्या कोलाडाचा हिशेब करायला मी बसलोच नाही. माणसं पाव मोजतात आणि हे पीत बसतात.

मग एवढं सगळं सोपं असताना लोकांचं फिसकटतं कुठे? माझ्या मते दोन शब्दांत: पैसे वसूल.

क्रूझचं तिकीट आधी भरलेलं असतं. खाणं त्यातच. त्यामुळे बोटीवर पाऊल ठेवल्याक्षणी प्रत्येकाच्या डोक्यात, आपल्या लोकांच्या तर हमखास, एक मीटर सुरू होतो. पिझ्झा फुकट, आईस्क्रीमचं मशीन फुकट, रात्री अकराला कुकीज फुकट. न खाणं म्हणजे नुकसान. बाबा आयुष्यभर बँकेत होते, एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत घरी न येणारा माणूस. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, जेवून दोन तास झालेले असताना, ते माझ्या हातात वॅफल देत म्हणाले, "अरे घे. पैसे भरलेत आपण."

"बाबा, पैसे गेलेच आहेत. वॅफल खाल्लं तर ते परत येणार आहेत का?"

"तसं नाही रे. पण वाया कशाला घालवायचं?"

म्हणजे वॅफल त्यांच्या कचऱ्यात गेलं तर वाया, माझ्या पोटात गेलं तर सत्कारणी. हा युक्तिवाद आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पानातलं टाकायचं नाही म्हणून. तो पानातल्या अन्नाला बरोबर लागू आहे. हजारो माणसांच्या बुफेला नाही. तिथे मी घेतलं नाही म्हणून एक वॅफल कमी बनत असेल तर बरंच आहे.

आणि समजा, हिशेबच करायचा. चला, करू. बोटीवर सगळ्यात स्वस्त काय असतं? मैदा, तांदूळ, बटाटा, साखर. पाव, पास्ता, पिझ्झा, केक हे सगळं त्या चौघांचंच खानदान. महाग काय? मासा, कोळंबी, मटण, बीफ, चांगलं चीज. मग बशी भरून पास्ता आणि वर तीन केक खाणारा माणूस कंपनीचा सगळ्यात लाडका गिऱ्हाईक नाही का? कोळंबीचे दोन स्टार्टर आणि स्टेक खाऊन, पावाची टोपली परत पाठवणारा मी, मी त्यांना महागात पडतो. त्यात मी गोड कॉकटेल घेत नाही, आणि बोटवाल्यांची बरीच कमाई तिकिटाखेरीज बारमध्ये, कॅसिनोत, बंदरावरच्या सहलींत आणि स्पामध्ये असते. हा मुद्दा मी बाबांना समजावला तेव्हा ते दोन मिनिटं गप्प बसले. बँकेतला माणूस होता शेवटी. त्या रात्री त्यांनी माशाचं दुसरं स्टार्टर मागवलं.

दुसरा युक्तिवाद 'सुट्टी आहे, चार दिवस चालतंय'. याला मी थोडा मान देतो. सुट्टीत माणसाने सुटं व्हावं हे खरं. पण आमच्यासारख्यांचं वर्ष बघा: गणपती चार दिवस, दिवाळी चार दिवस, एक लग्न, लाँग वीकांत, रिलीज झाल्यावरची पार्टी, आता क्रूझ. चालतंय म्हणायचे दिवस मोजले तर न चालणारे दिवस फार उरत नाहीत. आणि माझं शरीर सुट्टीवर जात नाही. काकांचंही गेलं नव्हतं.

म्हणून मी निघण्यापूर्वीच फोनमध्ये लिहून ठेवलं होतं काय खायचं नाही आणि कधी खायचं. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, निर्णय कंपाइल टाइमलाच घेऊन टाकायचा, रनटाइमला नाही. बुफेत वीस काउंटर असतात. प्रत्येकासमोर उभं राहून 'खाऊ की नको' असा विचार करायला लागलं तर बाराव्या काउंटरवर कुणीही हरेल, तो काही चारित्र्याचा दोष नाही. माझा नियम असा होता: गहू, तांदूळ, बटाटा, साखर नाही. अपवाद दोन. पाचव्या दिवशी लेकीचा वाढदिवस, त्या केकचा पूर्ण तुकडा, तोंड वाकडं न करता. आणि बोट लागली तर काहीही. हा दुसरा अपवाद महत्त्वाचा आहे. समुद्र खवळला की बोटीवरची मंडळी हिरवी सफरचंदं आणि खारी बिस्किटं पुढे करतात, कारण पोटात तेवढंच टिकतं. अशा वेळी बिस्किटातली कर्बोदकं मोजणारा माणूस डाएटवर नाही, भ्रमात आहे. एका रात्री बायकोची हालत अशी झाली होती. तिने चार बिस्किटं खाल्ली, झोपली, सकाळी ठणठणीत.

याला लोक 'चीट डे' म्हणतील. मला तो शब्दच आवडत नाही. आधी ठरवलेला केक ही फसवणूक नव्हे, ते कॅलेंडरवरचं आमंत्रण आहे.

बंदरावर उतरताना मात्र तयारी लागते. बोटीवरची फळं, सँडविच असलं ताजं अन्न किनाऱ्यावर नेऊ देत नाहीत, शेतीच्या कीड-रोगांसंबंधीचे नियम असतात. बंद पाकिटातले बदाम चालतात, ते घरून न्यावेत. कोझुमेलला मी लिंबाच्या रसात मुरवलेला मासा खाल्ला, सेविचे म्हणतात त्याला, आणि टाकोमधलं सारण खाऊन मक्याची पोळी बाजूला ठेवली. टाकोवाल्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी मावशीकडे पाहिलेली आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे सगळं मांसाहारी माणसाचं शहाणपण आहे. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. तिला लो-कार्ब करायचं नव्हतं, पण तिच्या ताटाकडे बघून मी विचार करत होतो, की करायचं असतं तर? बुफेतल्या भारतीय कोपऱ्यात रोज डाळ, भात, नान, बटाटा घातलेली भाजी. डाळीत प्रथिनं असतात हे खरं, पण कर्बोदकं त्याहून जास्त असतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. उरतं पनीर, चीज, दही, दाणे, सॅलड. सात रात्री यावर काढायच्या म्हणजे कठीण. २०२५ मध्ये एक मोठा भारतीय अभ्यास आला, त्यात आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं निघालं. आईचं ताट बघितलं की तो आकडा डोळ्यांपुढे वाढून ठेवल्यासारखा दिसतो.

त्यात मध्येच आली संकष्टी. आपला उपास म्हणजे खरं तर कर्बोदकांचा महोत्सव: साबुदाणा, बटाटा, रताळं, वर साखर घातलेलं दही. बोटीवर साबुदाणा नव्हता, त्यामुळे आईच्या आयुष्यातली बहुधा सगळ्यात लो-कार्ब संकष्टी कॅरिबियन समुद्रात घडली. दही, बदाम-अक्रोड आणि थोडी फळं. चंद्रोदय कुठला धरायचा, पुण्याचा की इथला, यावर मोठी चर्चा झाली. शेवटी आईने निकाल दिला, "जो दिसेल तो." रात्री वरच्या डेकवर वाऱ्यात पदर सावरत ती उभी राहिली आणि समुद्रातून तांबूस चंद्र वर आला. तेव्हा मात्र ग्रॅम-बिम काही आठवले नाहीत.

तिला सांभाळलं ते आमच्या टेबलाच्या वेटरने. गोव्याचा, सासष्टीचा. गोव्याच्या त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून माणसं बोटीवर जात आली आहेत, तारवटी म्हणतात त्यांना. पहिल्याच रात्री आईच्या कपाळावरची टिकली बघून तो मराठी-कोंकणी-हिंदी मिसळून म्हणाला, "आंटी, उद्या काय पाहिजे ते आज रात्री सांगायचं. मी गॅलीत बोलून ठेवतो." आणि खरंच, दुसऱ्या रात्रीपासून मेनूत नसलेली पालक-पनीर, भरपूर पनीर घातलेली, येऊ लागली. शाकाहारी असून कर्बोदकं कमी करायची असतील तर क्रूझवर हा एकच रस्ता मला दिसतो: पहिल्या रात्री मुख्य वेटरला गाठा, एक दिवस आधी सांगा, आणि शेवटी त्याला हातात टिप द्या, नुसतं 'थँक्यू' नको.

आता बाबा. इथे जरा गंभीर होतो, कारण हा लेख वाचून कुणी उत्साहाने आपल्या वडिलांच्या ताटातला भात काढून घेईल तर ते मला नको आहे.

बाबांना तीन गोळ्या आहेत. त्यातली एक ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवा न जेवा. आता अशा माणसाने अचानक पोळी-भात बंद केला, किंवा जेवण दोन तास लांबवलं, तर साखर झपकन खाली येऊ शकते: घाम, थरथर, चक्कर, आणि बोटीवर डोलणाऱ्या जमिनीमुळे चक्कर कसली ते पटकन कळतही नाही. दुसरी डापाग्लिफ्लोझिन. ती लघवीतून साखर बाहेर टाकते. भारतात २०२० मध्ये तिचं पेटंट संपलं, ती स्वस्त झाली, आता खूप घरांत असते. तिच्या जोडीला अगदी कमी कर्बोदकांचं खाणं केलं, किंवा उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं, तर रक्तात कीटोन्स धोकादायक पातळीला जाऊ शकतात. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नाहीच, अशा वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाईट दिसत नाही, त्यामुळे माणूस बिनधास्त राहतो. आणि पोटाची साथ ही बोटींवर अधूनमधून येणारी गोष्ट आहे. दारोदारी हात धुवायला लावतात ते उगाच नाही.

म्हणून जाण्यापूर्वी मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं: खाणं नेहमीइतकंच आणि वेळेवर. उलट्या-जुलाब झाले तर डापाग्लिफ्लोझिन थांबवून बोटीवरच्या डॉक्टरांकडे जायचं, आणि खिशात साखरेच्या पुड्या ठेवायच्या. आम्ही जेवणाची उशिराची पाळी सोडून लवकरची घेतली, साडेपाचची. लेक म्हणाली हे तर दुपारचं खाणं आहे, पण बाबांच्या गोळीला ती वेळ जमत होती. एकाच टेबलावर, एकाच घराण्याचा, एकाच आजाराच्या रांगेतला मी पाव परत पाठवत होतो आणि बाबा डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यातला एक ठेवून घेत होते. हे विसंगत वाटतं, पण नाही. मी ते औषध घेऊ लागू नये म्हणून हे करतोय, ते औषध घेतात म्हणून ते करू शकत नाहीत, निदान डॉक्टरांनी डोस बदलल्याशिवाय तरी नाही. लो-कार्बवाल्या मंडळींचा उत्साह मला इथेच खटकतो. "सगळ्या गोळ्या बंद झाल्या!" असं सांगतात, पण कोणत्या गोळ्या, कोणी बंद केल्या, कधी, हे सांगत नाहीत.

आणखी एक. टेबलावर भाषण द्यायचं नाही. हा खरं तर माझा सगळ्यात कडक नियम होता. शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन गृहस्थ होते, कीटोवाले. त्यांनी तीन रात्री आपल्या बायकोला प्रत्येक घासाचे ग्रॅम सांगितले. चौथ्या रात्री त्या बाई बुफेत एकट्याच बसलेल्या दिसल्या, समोर लाझान्या, चेहऱ्यावर अपार शांती. आईने मला "एवढंसं आईस्क्रीम तरी खा, इतक्या लांब आलास" असं रोज म्हटलं, मी रोज "नको गं, पोट भरलंय" म्हटलं. वादाची गरजच नाही. पोट खरंच भरलेलं असायचं.

राहिला आकडा. हापिसात सगळे तोच विचारतात. परत आल्यावर काट्याने ८०० ग्रॅम जास्त दाखवले. त्यातलं बरंचसं पाणी असणार: वाढदिवसाच्या केकने आणि कोझुमेलच्या मिठाने धरून ठेवलेलं. शरीर साखरेचा साठा करतं तेव्हा प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणीही साठवतं, म्हणून डाएट मोडल्यावर काटा एका रात्रीत उडी मारतो आणि लोक घाबरून सगळंच सोडून देतात. आठवड्यात काटा जागेवर आला. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे सात रात्रींचा हिशेब त्यात मार्चमध्ये कळेल, तोही पुसटसा.

बाबांनी मात्र घरी आल्यावर तिकिटाची पावती काढून, कोळंबीच्या एकूण प्लेट्स मांडून, माणशी वसुली काढली. आई वगळता सगळे नफ्यात आहेत म्हणे.